आपद्ग्रस्तांची नुकसानभरपाई आणि प्राप्तिकर : भोपाळ ते विदर्भ – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

विदर्भाच्या अलीकडच्या इतिहासात ३० जुलै १९९१ आणि २३ नोव्हेंबर १९९४ या दोन तारखा शोकाच्या म्हणून नोंदल्या गेल्या आहेत. पहिल्या दिवशी वर्धा नदीच्या महापुराने नागपूर जिल्ह्यातील नरखेड तालुक्यातील मोवाड हे गाव उद्ध्वस्त केले आणि २०४ माणसे मृत्युमुखी पडली. दुसऱ्या दिवशी नागपुरात विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जणांचा अंत झाला. मोवाडचे पुनर्वसन नव्या जागी झाले. गोवारी शहिदांची आठवण सीताबर्डीतील उड्डाणपुलाच्या नावात जपली गेली आहे.

अशा प्रत्येक आपत्तीनंतर सानुग्रह अनुदान, नुकसानभरपाई, तडजोडीची रक्कम हे शब्द पुन्हा पुन्हा कानी पडतात. रक्कम किती आणि ती केव्हा मिळणार, यावर वृत्तपत्रांतून व सभागृहांतून चर्चा होते. परंतु ही रक्कम आपद्ग्रस्ताच्या हाती पडल्यावर राज्यसंस्था तिच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहते, तिला 'उत्पन्न' मानते की 'हानीची भरपाई' मानते, हा प्रश्न इतिहासलेखनात जवळजवळ दुर्लक्षित राहिला आहे. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने परत घेतले जाते काय, असा या प्रश्नाचा साधा अर्थ आहे. ज्या नागपुरात १९५७ पासून देशभरातील प्राप्तिकर अधिकाऱ्यांना प्रशिक्षण दिले जात आहे, त्या नागपुरात तरी हा प्रश्न विचारला जाणे उचित ठरेल.

अभ्यासाची उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत. आपत्ती आणि करसवलत यांच्या संबंधाचा ऐतिहासिक मागोवा घेणे, भोपाळ वायुदुर्घटनेतील तडजोडीच्या रकमेला मिळालेल्या करमुक्तीचे स्वरूप तपासणे, आणि त्या तुलनेत इतर आपद्ग्रस्तांची स्थिती काय राहिली हे पाहणे. यासाठी अधिनियमांतील तरतुदी, न्यायनिर्णय व सार्वजनिक नोंदी यांचा वर्णनात्मक व तुलनात्मक पद्धतीने विचार केला आहे. मोवाड किंवा गोवारी प्रकरणातील कोणा कुटुंबावर प्रत्यक्ष कर आकारला गेला, असे येथे म्हणावयाचे नाही. प्रश्न कायद्याच्या शब्दांचा आणि त्या शब्दांमागील धोरणाचा आहे.

सारामाफीची परंपरा

आपल्याकडे आपत्ती आणि कर यांचा संबंध नवा नाही. शेतसारा हा राज्याच्या उत्पन्नाचा मुख्य आधार होता, तेव्हा अवर्षण, अतिवृष्टी किंवा टोळधाड आली की रयतेची पहिली मागणी साऱ्याच्या तहकुबीची असे आणि संकट मोठे असल्यास पूर्ण माफीची असे. मराठी राज्यातील कागदपत्रांतून तहकुबी, सूट, तगाई हे शब्द वारंवार आढळतात. नागपूर ज्या मध्य प्रांताची राजधानी होते, त्या प्रांताने १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ लागोपाठ सोसले. ब्रिटिश अमदानीतील दुष्काळ संहितांनीही महसुलाची तहकुबी व सूट हा मदतकार्याचा एक भाग मानला होता.

या व्यवस्थेचे एक वैशिष्ट्य येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. सूट द्यावयाची की नाही हे ठरविताना पीक किती बुडाले हे पाहिले जाई. आणेवारीची पद्धत याच विचारातून रूढ झाली. आणेवारी गावाची काढली जाई, व्यक्तीची नव्हे. त्यामुळे गावातील एखाद्या कुळावर अन्याय होत असे, ही मर्यादा मान्य करावयास हवी. तथापि सवलतीची कसोटी हानी हीच होती. विसाव्या शतकात प्राप्तिकराच्या क्षेत्रात ही कसोटी कशी बदलली, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

'उत्पन्न' या संज्ञेचा विचार

भारतात प्राप्तिकर प्रथम १८६० साली आला आणि १८८६ च्या अधिनियमाने स्थिरावला. १९२२ च्या अधिनियमाने त्याला आधुनिक रूप दिले. मात्र 'उत्पन्न' म्हणजे नेमके काय, याचा शोध न्यायालयांनाच घ्यावा लागला. १९३२ साली कलकत्त्याहून गेलेल्या एका व्यापारी कंपनीच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने उत्पन्नाची तुलना झाडाच्या फळाशी व शेतातील पिकाशी केली. ठरावीक स्रोतातून काहीशा नियमितपणे येणारी प्राप्ती म्हणजे उत्पन्न, असा त्या निर्णयाचा आशय होता. एजन्सी संपुष्टात आल्याबद्दल कंपनीला मिळालेली भरपाई त्यामुळे करपात्र ठरली नाही.

हा दृष्टांत आपद्ग्रस्तांना लावून पाहिल्यास उत्तर सोपे वाटते. मृत्यू, अपंगत्व किंवा घराचा नाश यांबद्दल मिळणारी रक्कम हे झाडाचे फळ नाही, तर मोडून पडलेल्या झाडाची किंमत आहे. कायद्याच्या परिभाषेत ती भांडवली प्राप्ती होय आणि स्पष्ट तरतूद नसेल तर ती करपात्र ठरत नाही. याच्या जोडीला अनपेक्षित व पुन्हा न होणाऱ्या प्राप्तींनाही पूर्वी सूट होती. मात्र ती सूट पुढे मर्यादित होत गेली आणि २००२ च्या वित्त अधिनियमाने काढून टाकण्यात आली.

व्यवहारात प्रश्न इतका सोपा राहत नाही. दुकानातील माल वाहून गेल्याबद्दल मिळालेली रक्कम व्यापाऱ्याच्या हिशेबात महसुली प्राप्ती ठरू शकते. बुडालेल्या मिळकतीची भरपाई ही मिळकतीचीच जागा घेते, असा युक्तिवाद करता येतो. भरपाई वर्षानुवर्षे लांबल्यास तिच्यावर व्याज मिळते आणि व्याज म्हटले की ते उत्पन्न, ही कर अधिकाऱ्याची स्वाभाविक धारणा असते. सामान्य तत्त्वाचा आधार असला तरी तो आधार न्यायालयात जाऊन सिद्ध करावा लागतो. आपद्ग्रस्ताच्या दृष्टीने हाच मोठा अडथळा आहे.

भोपाळ : तडजोड आणि करमुक्ती

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाईल आयसोसायनेट वायूची गळती झाली. हजारो माणसे मरण पावली आणि लाखोंच्या शरीरावर कायमचे परिणाम झाले. १९८५ साली संसदेने भोपाळ वायुगळती दुर्घटना (दावे प्रक्रिया) अधिनियम संमत केला. या अधिनियमाने सर्व पीडितांच्या वतीने दावा करण्याचा अनन्य अधिकार केंद्र सरकारकडे सोपविला. पीडित हे जणू अज्ञान पाल्य आणि राज्य त्यांचे पालक, अशी ही भूमिका होती.

सरकारने प्रथम अमेरिकेत दावा दाखल केला. मे १९८६ मध्ये न्यूयॉर्क येथील न्यायाधीश जॉन कीनन यांनी हा वाद भारतीय न्यायालयातच चालावा असा निर्णय दिला. त्यानंतर भोपाळच्या जिल्हा न्यायालयात दावा दाखल झाला. न्यायाधीश एम. डब्ल्यू. देव यांनी १७ डिसेंबर १९८७ रोजी ३५० कोटी रुपयांच्या अंतरिम भरपाईचा आदेश दिला. एप्रिल १९८८ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ती रक्कम २५० कोटींवर आणली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तेथे १४ फेब्रुवारी १९८९ रोजी ४७ कोटी डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ७१५ कोटी रुपये, इतक्या रकमेवर तडजोड झाली. पीडितांना न विचारता झालेल्या या तडजोडीविरुद्ध तीव्र असंतोष प्रकट झाला. ३ ऑक्टोबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी कारवाईपासून दिलेले संरक्षण काढून घेतले, परंतु रकमेची तडजोड कायम ठेवली.

यानंतर कल्याण आयुक्तांच्या कार्यालयामार्फत एकेका दाव्याची छाननी सुरू झाली. बहुसंख्य जखमींच्या वाट्याला २५,००० रुपये आले. दरम्यानच्या काळात दरमहा २०० रुपये दिलेला अंतरिम दिलासा त्यातून वळता करून घेण्यात आला. मंजूर दावेदारांची संख्या पुढे सुमारे ५.७ लाखांवर गेली. मूळ ७१५ कोटींना या संख्येने भागल्यास प्रत्येकी सरासरी १२,५०० रुपयांच्या आसपास रक्कम येते. तडजोड किती अपुरी होती हे या साध्या भागाकारावरूनच दिसते.

प्राप्तिकराच्या दृष्टीने भोपाळचे महत्त्व वेगळे आहे. १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमाच्या कलम १० मध्ये या दुर्घटनेसाठी स्वतंत्र खंड (१०बीबी) समाविष्ट करण्यात आला. १९८५ च्या अधिनियमाखाली व त्याखालील योजनेनुसार दिलेली कोणतीही रक्कम त्याद्वारे करमुक्त ठरली. अपवाद एकच होता. त्या हानीबद्दल करदात्याने आधीच वजावट घेतली असेल, तर तेवढ्या रकमेपुरती सूट मिळणार नव्हती. एकाच हानीचा दुहेरी लाभ घेतला जाऊ नये, हा त्यामागील हेतू रास्तच होता.

या खंडाचे व्यावहारिक मोल समजण्यासाठी त्या काळातील करमर्यादा पाहावी लागते. १९९२ च्या अर्थसंकल्पाने व्यक्तीसाठी करमुक्त उत्पन्नाची मर्यादा २८,००० रुपये केली होती. मृत्यूपोटी मिळणारी लाखभर रुपयांची रक्कम एका वर्षाचे उत्पन्न मानली गेली असती, तर ज्या कुटुंबाने कधी कर भरला नाही असे कुटुंबही करदाते ठरले असते.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. तडजोडीची रक्कम वाटपाच्या काळात वाढत गेली. एक तर तिच्यावर व्याज जमा झाले आणि दुसरे म्हणजे १९८९ साली सुमारे १५ रुपयांना मिळणारा डॉलर २००४ पर्यंत ४५ रुपयांच्या घरात पोहोचला. जुलै २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिल्लक राहिलेले सुमारे १,५०३ कोटी रुपये दावेदारांना प्रमाणशीर वाटण्याचा आदेश दिला. ही रक्कम मूळ तडजोडीच्या दुपटीहून अधिक आहे. म्हणजे पीडितांच्या पदरात पडलेल्या एकूण रकमेतील मोठा हिस्सा हा काळाच्या विलंबातून निर्माण झालेला होता. खंड (१०बीबी) मध्ये 'अधिनियमाखाली दिलेली रक्कम' अशी सरसकट शब्दयोजना असल्यामुळे मूळ भरपाई कोणती आणि त्यावरील वाढ कोणती, हा वाद उपस्थित होण्यास जागा उरली नाही. भोपाळच्या पीडितांना रक्कम अपुरी मिळाली, उशिरा मिळाली, पण जी मिळाली ती करमुक्त मिळाली. १४ मार्च २०२३ रोजी घटनापीठाने वाढीव भरपाईची केंद्राची याचिका फेटाळली आणि या अध्यायाचा न्यायालयीन शेवट झाला.

२००७ ची दुरुस्ती आणि तिच्या मर्यादा

भोपाळसाठी केलेली तरतूद भोपाळपुरतीच होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपातील आपद्ग्रस्त, मोवाडचे पूरग्रस्त आणि गोवारी मोर्चातील मृतांचे वारस यांच्यासाठी प्राप्तिकर अधिनियमात तसा शब्द नव्हता. त्यांना मिळालेले साहाय्य करपात्र नाही, हे उत्तर केवळ सामान्य तत्त्वातून मिळत होते.

सर्वसाधारण तरतूद २००७ च्या वित्त अधिनियमाने आली. खंड (१०बीसी) अन्वये कोणत्याही आपत्तीबद्दल केंद्र सरकार, राज्य सरकार किंवा स्थानिक प्राधिकरण यांच्याकडून व्यक्तीला किंवा तिच्या कायदेशीर वारसाला मिळालेली भरपाई करमुक्त करण्यात आली. या तरतुदीला १ एप्रिल २००५ पासून पूर्वलक्षी प्रभाव देण्यात आला. त्यामुळे डिसेंबर २००४ ची त्सुनामी, २५ जानेवारी २००५ ची मांढरदेवची दुर्घटना आणि २६ जुलै २००५ चा मुंबईचा महापूर या घटनांनंतरची देणी तिच्या कालमर्यादेत आली. मोवाड, किल्लारी व गोवारी त्या मर्यादेच्या मागे राहिले.

या तरतुदीचे तीन पैलू विचारात घेणे आवश्यक आहे.

पहिला पैलू 'आपत्ती' या संज्ञेचा. खंडाने ही व्याख्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ मधून घेतली. नैसर्गिक व मानवनिर्मित कारणे, अपघात आणि निष्काळजीपणा या सर्वांचा त्यात समावेश आहे. मात्र घटना बाधित क्षेत्रातील लोकसमूहाच्या तोंड देण्याच्या क्षमतेपलीकडची असली पाहिजे, अशी अटही आहे. पूर व भूकंप यांबाबत शंका उरत नाही. चेंगराचेंगरीबाबत मात्र मतभेद संभवतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ साली गर्दीच्या व्यवस्थापनावर मार्गदर्शिका काढली, यावरून अशा घटनांचा विचार आपत्तीच्या कक्षेत होतो असे म्हणता येते. तथापि करकायद्याचा अर्थ मार्गदर्शिकेवरून लावला जात नाही.

दुसरा पैलू देणाऱ्याचा. सूट केवळ सरकार व स्थानिक प्राधिकरण यांच्या देण्यांना आहे. ओलियम वायुगळतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर १९८६ रोजी धोकादायक उद्योगांवर निरपवाद दायित्वाचे तत्त्व लादले. १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा अधिनियमाने धोकादायक पदार्थांच्या अपघातात मालकाने व विमा कंपनीने दिलासा द्यावा अशी व्यवस्था केली. म्हणजे भरपाईचा भार खाजगी उद्योगाने उचलावा, या दिशेने दायित्वाचा कायदा वाटचाल करीत होता. करकायद्याने मात्र २००७ साली नेमकी हीच देणी सूट देणाऱ्या खंडाबाहेर ठेवली. भोपाळची रक्कमसुद्धा मूलतः एका खाजगी कंपनीचीच होती. ती १९८५ च्या अधिनियमाच्या वाटेने आली म्हणून तिला संरक्षण लाभले.

नागपूरकरांसाठी हा भेद पुस्तकी नाही. जिल्ह्यात स्फोटकांचे अनेक कारखाने आहेत. १७ डिसेंबर २०२३ रोजी बाजारगाव येथील कारखान्यात स्फोट होऊन ९ कामगारांचा मृत्यू झाला. अशा घटनांत वारसांना शासनाचे साहाय्य मिळते, तसेच कारखान्याकडूनही रक्कम मिळते किंवा मिळावी अशी मागणी होते. मृत्यू एकच, शोक एकच, परंतु शासनाच्या धनादेशासाठी कायद्यात सूट देणारा खंड आहे, तर कारखान्याच्या धनादेशासाठी भांडवली प्राप्तीच्या तत्त्वावर अवलंबून राहावे लागते.

तिसरा पैलू वजावटीच्या अपवादाचा. हिशेब ठेवणारा व्यापारी बुडालेल्या मालाची हानी हिशेबात दाखवून वजावट घेऊ शकतो. म्हणून त्याच्या बाबतीत अपवाद न्याय्य आहे. शेतमजूर, गुराखी किंवा फेरीवाला यांना अशी वजावट घेण्याचा मार्गच नसतो. त्यांच्या दृष्टीने भरपाई हाच एकमेव आधार असतो, आणि विलंबाचा फटकाही त्यांनाच सर्वाधिक बसतो.

विलंबाचे व्याज : भरपाई की उत्पन्न?

भूमिसंपादनाच्या प्रकरणांत भरपाई चुकती करण्यास विलंब झाल्याबद्दलचे व्याज हे उत्पन्न आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली दिला होता. २००९ साली त्याच न्यायालयाने वाढीव भरपाईवरील विशिष्ट प्रकारचे व्याज हे भरपाईचाच भाग असल्याचे म्हटले. त्याच वर्षीच्या वित्त अधिनियमाने भरपाईवरील व्याज ज्या वर्षी हाती येईल त्या वर्षाचे उत्पन्न मानले जाईल, अशी तरतूद केली आणि त्यातून निम्म्या रकमेची वजावट दिली. म्हणजे निम्मे व्याज करपात्र राहिले.

मोटार अपघातग्रस्तांच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली वेगळा विचार मांडला. दावा दाखल झाल्यापासून निवाडा होईपर्यंतचे व्याज हे भरपाईचेच अंग आहे, म्हणून ते करपात्र नाही, असे न्यायालयाने ठरविले. १ फेब्रुवारी २०२६ रोजी मांडलेल्या अर्थसंकल्पात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने व्यक्तीला दिलेले व्याज करमुक्त करण्याचा आणि त्यावरील करकपात बंद करण्याचा प्रस्ताव आला. एका वर्गापुरता हा प्रश्न अशा रीतीने सुटण्याच्या मार्गाला लागला. कारखान्यातील स्फोट किंवा वायुगळती यांतील पीडितांना न्यायालयाने व्याजासह भरपाई दिली, तर त्या व्याजाचे काय, हे मात्र या प्रस्तावाने सांगितले नाही. भोपाळला सरसकट शब्दयोजनेमुळे जे संरक्षण मिळाले, ते इतरांना शब्दाशब्दावर वाद घालून मिळवावे लागते.

अन्य देशाचा अनुभव

घटनेगणिक सूट देण्याची प्रवृत्ती केवळ भारतीय नाही. अमेरिकेत शारीरिक इजेबद्दलची भरपाई दीर्घकाळ करमुक्त राहिली आहे. परंतु घर जळणे, स्थलांतराचा खर्च, मानसिक त्रास यांबद्दलच्या रकमांविषयी तेथेही वाद झाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये ओहायो राज्यातील ईस्ट पॅलेस्टाइन येथे विषारी रसायने वाहून नेणारी मालगाडी घसरली. तेथील रहिवाशांना व वणवाग्रस्तांना मिळालेल्या रकमा करमुक्त करण्यासाठी डिसेंबर २०२४ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. या कायद्याचा एक विशेष असा की, खुद्द रेल्वे कंपनीने दिलेल्या रकमेलाही त्याने सूट दिली. देणारा खाजगी असला तरी घेणाऱ्याची हानी तीच आहे, हे तत्त्व तेथे निदान एका घटनेपुरते मान्य झाले.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) सारामाफीच्या जुन्या व्यवस्थेत सवलतीची कसोटी हानी ही होती. प्राप्तिकराच्या व्यवस्थेत सूट प्रथम एका विशिष्ट घटनेला आणि नंतर विशिष्ट देणाऱ्याला जोडली गेली.

२) भोपाळच्या तडजोडीला मिळालेली करमुक्ती व्यापक शब्दांत असल्यामुळे विलंबकाळातील वाढही तीत सामावली गेली. तडजोड अपुरी होती, तरी करविषयक तरतूद अनुकरणीय होती.

३) २००७ ची सर्वसाधारण तरतूद स्वागतार्ह असली तरी खाजगी उद्योग, विमा कंपनी किंवा न्यायालयीन तडजोड यांमार्फत मिळणाऱ्या रकमांना तिने स्पष्ट संरक्षण दिले नाही.

४) विलंबाबद्दलचे व्याज हे आपद्ग्रस्ताने केलेल्या गुंतवणुकीचे फळ नाही. न्याय उशिरा मिळाल्याची ती भरपाई आहे. मोटार अपघातग्रस्तांबाबत स्वीकारलेले हे तत्त्व सर्व आपद्ग्रस्तांना लागू होणे न्यायोचित ठरेल.

१ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख ठरवून संमत झालेल्या प्राप्तिकर अधिनियम, २०२५ ने सवलती अनुसूचींमध्ये नव्याने मांडल्या आहेत. मांडणी सुटसुटीत झाली, हे खरे. परंतु मोवाडच्या पुराला आणि गोवारींच्या मृत्यूला तीन दशके उलटून गेल्यावरही देणारा कोण हा प्रश्न प्रथम व गमावले काय हा नंतर, असा क्रम राहणार असेल, तर केवळ नव्या मांडणीने आपद्ग्रस्ताला न्याय मिळणार नाही. तो क्रम उलटा करणे हे विधिमंडळाचे काम आहे, आणि त्या क्रमाचा इतिहास लक्षात आणून देणे हे अभ्यासकाचे.